चार तासांची झोप आणि थकवा नसलेला दिवस

पत्र (संक्षेपाने): मी ३२ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत लेखापाल आहे. पदवीच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी, बाविसाव्या वर्षी, मला पहिल्यांदा उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाच्या टोकाचा, झटका आला आणि बायपोलर म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या द्विध्रुवीय विकाराचे निदान झाले. दुसरा झटका चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आला. त्याआधी मार्चअखेरची कामे आणि पाठोपाठ चुलतबहिणीचे लग्न यांमुळे दोन आठवडे धड झोप झाली नव्हती. मध्यंतरी नैराश्याचे दोन टप्पेही येऊन गेले; तेव्हा मी दिवसाचे अकरा-बारा तास अंथरुणातच असायचे. सध्या रात्री अकराच्या सुमारास लिथियम आणि क्वेटियापिन ही या विकारावरची औषधे घेऊन झोपते. रविवारी अकरापर्यंत उठवत नाही आणि सासूबाईंना तो आळस वाटतो. यंदा मूल होऊ द्यावे असा आमचा विचार आहे. झोप बिघडते म्हणून आजार उसळतो, की आजार उसळतो म्हणून झोप बिघडते? आणखी एक: ऑडिटच्या कामामुळे गेल्या तीन रात्री चार-चार तासच झोपले, पण थकवा अजिबात नाही. उलट कितीतरी दिवसांनी इतके छान वाटते आहे. हे चांगलेच लक्षण ना?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न थांबणारा नाही. पत्र हाती आले त्याच दिवशी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले होते की, ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना लगेच फोन करा. इतर वाचकांसाठी त्यामागचे कारण येथे सविस्तर मांडतो.

झोप न येणे आणि झोपेची गरजच न वाटणे या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. निद्रानाश झालेल्या माणसाला झोप हवी असते. ती मिळत नाही म्हणून तो कूस बदलत राहतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. उन्मादाच्या उंबरठ्यावर असलेला माणूस मात्र तीन-चार तासांत आपणहून जागा होतो, अंधारातच कामाला लागतो, एका कल्पनेतून दुसरी कल्पना फुटत जाते आणि संध्याकाळ झाली तरी अंग जड होत नाही. तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगायचे तर, तीन रात्रींची थकबाकी साचूनही शरीर वसुली मागत नसेल, तर तो नफा समजू नये, खातेवहीत काहीतरी चुकते आहे असे समजावे. प्रौढ माणसाला साधारण सात ते नऊ तासांची झोप लागते, आणि सलग तीन रात्री तिच्या निम्म्यावर काढल्यानंतर पेंगुळणे, हीच निरोगी शरीराची खूण असते.

हे ऐकणे तुम्हाला जड जाईल याची मला कल्पना आहे. बराच काळ औषधांच्या जडपणात आणि नैराश्याच्या सावटात काढल्यानंतर मन उजळावे आणि त्याच उजेडाकडे कोणीतरी संशयाने पाहावे, ही या आजारातली फार मोठी वेदना आहे. म्हणून एक फरक लक्षात ठेवा. खऱ्याखुऱ्या आनंदाच्या दिवशीही रात्री झोप येते. प्रकृती ठीक असताना मिळालेला आनंद झोपेच्या वेळेला धक्का लावत नाही. लावलाच तर एखाद्या रात्रीपुरता लावतो आणि पुढची रात्र ती उणीव भरून काढते. तुमच्या बाबतीत तिसऱ्या रात्रीनंतरही ती उणीव भरली गेलेली नाही, आणि मला चिंता वाटते ती एवढ्याचीच.

डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत तीन गोष्टी सांभाळा. गोळ्यांचे प्रमाण स्वतःहून वाढवू नका आणि ‘आता बरे वाटते’ म्हणून वगळूही नका. ऑडिटचे काम संध्याकाळी सातनंतर करायचे नाही, हे वरिष्ठांना आजच सांगून टाका. नवी मोठी खरेदी, कर्ज, नोकरीचा राजीनामा किंवा दूरचा प्रवास यांपैकी काहीही या आठवड्यात ठरवू नका, मग ते कितीही स्पष्ट आणि योग्य दिसत असले तरीही.

आता तुमचा मूळ प्रश्न. झोप आधी की आजार आधी? दोन्ही दिशा खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा आजार इतक्या वेगाने उसळू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील थॉमस वेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये एक मांडणी केली. घरातला मृत्यू, बाळंतपण, लांबचा प्रवास, काही औषधे, आनंदाची किंवा संकटाची मोठी घटना अशा वरवर असंबद्ध वाटणाऱ्या कारणांनी उन्माद सुरू होतो. परंतु त्यातल्या बऱ्याच वाटा शेवटी एका ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे कमी झालेली झोप. एकदा झोप घटली की मन उसळते, आणि मन उसळले की झोप आणखी घटते. त्यामुळे सुरुवात कोठून झाली हा वाद घरात घालत बसण्यापेक्षा, झोप घटलेली दिसताच हे चक्र तिथेच अडवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

मात्र प्रत्येक रुग्णाची प्रकृती सारखी नसते. ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक बायपोलर रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे पाचांपैकी एकाने सांगितले की, झोपमोडीमुळे आपल्याला उन्मादाचा झटका आला होता. हे सांगणाऱ्यांत स्त्रियांचे आणि पहिल्या प्रकारच्या, म्हणजे पूर्ण उन्माद येणाऱ्या, बायपोलरच्या रुग्णांचे प्रमाण अधिक होते. म्हणजे जागरण सगळ्यांनाच सारखे भोवत नाही. तुमचा इतिहास मात्र स्पष्ट आहे. पहिला झटका परीक्षेच्या जागरणांत आला आणि दुसरा मार्चअखेर व लग्नघर यांच्या जोडीने आला. तुम्ही झोपेच्या बाबतीत हळव्या असलेल्या गटात मोडता, असे धरूनच पुढची आखणी करायला हवी.

रविवारच्या अकरा वाजेपर्यंतच्या झोपेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमच्या घरात त्यावरून वाद आहे आणि खरे सांगायचे तर दोन्ही बाजूंचा मुद्दा चुकतो आहे. तो आळस नाही. क्वेटियापिनची गुंगी दुसऱ्या सकाळपर्यंत रेंगाळते, आणि गोळी रात्री अकराला घेतली तर सकाळी सातला डोके जड असणे अगदी साहजिक आहे. सासूबाईंना हे डॉक्टरांनी सांगितलेले बरे. पण ती झोप निरुपद्रवी आहे, असेही म्हणता येत नाही. आपल्या शरीराचे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. बहुतेक माणसांत ते स्वतःच्या चालीने चोवीस तासांपेक्षा थोडे अधिक लांब चालते आणि सकाळचा उजेड ते रोज मागे ओढून जागेवर आणतो. रविवारी हा उजेड तुम्हाला चार तास उशिरा मिळतो. त्यामुळे घड्याळ पुढे सरकते, रविवारी रात्री नेहमीच्या वेळी झोप येत नाही, सोमवारी मात्र गजर वेळेवरच वाजतो, आणि आठवड्याची सुरुवात अपुऱ्या झोपेने होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असा सोमवार आला तर काय होऊ शकते, हे तुम्ही अनुभवलेले आहे.

यावर उपाय म्हणजे उठण्याची वेळ पक्की करणे. झोपण्याची वेळ पूर्णपणे आपल्या हातात नसते, कारण झोप आणता येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते. सकाळी साडेसहा ठरवलीत तर रविवारी फार तर सात, त्यापुढे नाही. हे एकदम जमणार नाही. दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे या, आणि त्याच वेळी डॉक्टरांना विचारा की रात्रीची गोळी अकराऐवजी नऊच्या सुमारास घेता येईल का. पुष्कळ रुग्णांना एवढ्या बदलाने सकाळ हलकी होते. पण ही वेळ स्वतःहून बदलू नका. लिथियमची वेळ बदलली तर रक्ततपासणीची वेळही बदलावी लागते, कारण ते रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी काढायचे असते.

पिट्सबर्ग विद्यापीठातील एलन फ्रँक यांनी बायपोलर रुग्णांसाठी दिनचर्येच्या नियमिततेवर आधारलेली एक उपचारपद्धती विकसित केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १७५ रुग्ण होते. आजाराच्या तीव्र टप्प्यात औषधांसोबत ही पद्धत मिळालेल्यांना पुढचा झटका येईपर्यंतचा काळ इतरांपेक्षा लांबला, आणि ज्यांची दिनचर्या अधिक नियमित झाली त्यांना अधिक लाभ झाला. या पद्धतीत पाच वेळांची नोंद ठेवली जाते: अंथरुणातून उठण्याची, दुसऱ्या माणसाशी पहिल्यांदा बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला जाण्याची. यात माणसाशी बोलण्याची वेळ कशाला, असे तुम्हाला वाटेल. परंतु एकत्र घरात राहणाऱ्या माणसाचा दिवस घड्याळाइतकाच माणसांनी बांधलेला असतो. सासूबाईंबरोबरचा सकाळचा चहा रोज सातला होत असेल, तर तो चहा तुमच्या उपचाराचा भाग आहे, आणि हे त्यांनाही कळले तर आळसाच्या वादाचा सूर बदलेल असे मला वाटते. नोंदीसाठी वेगळे अ‍ॅप नको. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि मनःस्थितीचा शून्य ते दहामधला एक आकडा, एवढे पुरे. मनगटावरचे घड्याळ झोपेचे टप्पे मोजून रोज गुण देत असेल, तर ते रात्री काढून ठेवा; त्या गुणांची काळजीच अनेकांची झोप घालवते.

सकाळी उजेड जितका महत्त्वाचा, तितकाच रात्री अंधार. नॉर्वेमध्ये उन्मादामुळे रुग्णालयात दाखल असलेल्या २३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काहींना संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत, अंधारात झोपलेली वेळ सोडून, निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे घालायला दिले आणि काहींना साध्या काचांचे. आठवडाभराच्या या प्रयोगात तिसऱ्या दिवसापर्यंतच नारिंगी चष्मे घालणाऱ्यांचा उन्माद दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरलेला दिसू लागला. सगळ्यांची नेहमीची औषधे चालूच होती, त्यामुळे हा चष्मा गोळीच्या जागी वापरण्याची कल्पना कोणी करू नये. पण यातून घरासाठी घेण्यासारखे पुष्कळ आहे. नऊनंतर दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब बंद करून पिवळा मंद दिवा लावा, मोबाइल झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला ठेवा, आणि मध्येच जाग आली तर दिवा लावून ‘जाग आलीच आहे तर काम उरकू’ असे करू नका. पहाटे तीनला लावलेला प्रखर दिवा मेंदूला सकाळ झाल्याचे सांगतो.

चहा दुपारी तीननंतर टाळा. तो एका दिवसात पूर्ण बंद मात्र करू नका, कारण चहा-कॉफी अचानक सोडली की लिथियमची रक्तातील पातळी वाढू शकते. ही गोष्ट रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

नैराश्याच्या टप्प्यातल्या झोपेचा प्रश्न वेगळा आहे. तेव्हा अकरा-बारा तास अंथरुणात जातात, तरी उठताना अंग मोडलेले असते, आणि रात्र हळूहळू पुढे सरकत पहाटेपर्यंत जाते. तिथेही उठण्याची वेळच धरून ठेवायची, मात्र स्वतःवर रागावून नव्हे. उठून गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास बसलात तरी चालेल. व्यायाम झालाच पाहिजे असा हट्ट नको. दोन गोष्टींपासून मात्र दूर राहा. रात्रभर जागल्याने नैराश्य दुसऱ्या सकाळी उतरते असे कोणी सांगेल, आणि ते काही अंशी खरेही आहे. पण पुढच्या झोपेनंतर ते बहुधा परत येते, आणि बायपोलर रुग्णाला त्यातून उन्मादाकडे ढकलले जाण्याचा धोका असतो. दुसरे म्हणजे, निद्रानाशावर अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची जी पद्धत सुचवली जाते, ती इतरांसाठी गुणकारी असली तरी तुम्ही ती तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये. प्रखर दिव्यासमोर बसण्याच्या उपचारालाही हाच नियम लागू आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायपोलर नैराश्यासाठी हा दिवा सकाळी न देता दुपारच्या सुमारास दिला गेला आणि त्याचा चांगला उपयोग झाला. दुपार निवडण्याचे कारण हेच की, याआधी सकाळी दिलेल्या प्रकाशाने काही रुग्णांत संमिश्र अवस्था, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांची लक्षणे एकाच वेळी, उद्भवली होती.

मार्चअखेरचे काम आणि लग्नसराई कोणाच्या आयुष्यातून वजा करता येत नाहीत, आणि करूही नयेत. आजाराच्या भीतीने माणसांत जाणे सोडले तर नैराश्याला मोकळे रान मिळते. कामाच्या ठिकाणी आजाराचे नाव सांगणे तुम्हाला नको असेल, तर ‘वैद्यकीय कारणास्तव यांना रात्री उशिरापर्यंत काम देऊ नये’ असे साधे पत्र डॉक्टर देऊ शकतात. ते फेब्रुवारीतच द्या, म्हणजे कामाची वाटणी आधी करता येईल. ३० मार्चला दिलेले पत्र सहकाऱ्यांना जबाबदारी टाळल्यासारखे वाटते. लग्नात हळदीची रात्र आणि पहाटेची तयारी यांपैकी एकच स्वीकारा. जागरण-गोंधळाला पूजेपर्यंत बसा, नमस्कार करा आणि नात्यातल्या एखाद्या शांत घरी झोपायला जा. देवाला त्यात उणे काही वाटणार नाही आणि जाणत्या माणसांनाही वाटू नये. एखादी रात्र तरीही गेलीच, तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका, रात्री नेहमीच्या वेळी गोळी घेऊन अंधार करा, आणि ती दुसरी रात्र कोणत्याही कारणाने गमावू नका. उन्हाळ्यातल्या लग्नांत पाणी भरपूर प्या. लिथियम चालू असताना शरीर कोरडे पडणे, तसेच डोकेदुखीसाठी परस्पर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणे धोक्याचे आहे.

मूल होऊ देण्याचा विचार तुम्ही एका ओळीत लिहिला आहे, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा विषय तोच आहे. बायपोलर असलेल्या पुष्कळ स्त्रिया सुखरूप आई होतात. त्यासाठी गर्भ राहण्याच्या आधी मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांशी बोलणे आवश्यक आहे, आणि गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून लिथियम एकदम बंद करणे कटाक्षाने टाळले पाहिजे, कारण ते अचानक थांबवल्यास आजार उलटण्याची शक्यता खूप वाढते. कोणते औषध चालू ठेवायचे, कोणते बदलायचे, हे त्या दोघांनी मिळून ठरवावे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सर्वाधिक धोक्याचे असतात, आणि त्या काळात घरातली प्रत्येक रात्र बाळ ठरवते. म्हणून बाळाच्या कपड्यांची यादी करण्याआधी रात्रींची यादी करा. रात्री दहा ते तीन बाळ कोणाकडे असेल? त्या वेळात दूध कोण पाजेल, आणि ते आधी काढून ठेवलेले असेल की वरचे? तुमची औषधे चालू असताना अंगावर पाजावे का, हे बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा. तुम्हाला रोज पाच-सहा तासांची सलग झोप मिळणे, ही त्या आठवड्यांतली औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. माहेरी बाळंतपण करण्याची आपली रीत येथे मोठी सोय ठरू शकते, फक्त माहेरच्यांना हे सारे आधी माहीत हवे. ‘आईने बाळासाठी जागायलाच हवे’ असे म्हणणारे कोणी भेटेलच. त्यांना उत्तर देण्याचे काम तुमच्या पतीने करावे, तुम्ही नाही.

सासूबाईंविषयी एक सूचना आहे. पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या. उन्माद सुरू होताना स्वतःला तो कळत नाही, छानच वाटत असते. पण पहाटे तीनला स्वयंपाकघरातली भांडी वाजली तर ती घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी ऐकू येतात. त्यांनी पहारा ठेवावा असे मी म्हणत नाही. तुम्ही मोठ्याने हसलात किंवा नवी साडी घेतलीत की ‘गोळी घेतलीस ना?’ असे विचारले जाऊ लागले, तर ते घर तुम्हाला असह्य होईल, आणि ते योग्यही नाही. म्हणून कोणत्या खुणा दिसल्यावर बोलायचे आणि कोणत्या शब्दांत, हे प्रकृती चांगली असताना दोघींनी बसून ठरवा. ‘काल रात्री तू जागी होतीस, डॉक्टरांना फोन करूया का?’ हे वाक्य आधी ठरलेले असेल, तर ऐन वेळी ते आरोपासारखे लागणार नाही.

त्याच भेटीत डॉक्टरांकडून एक लेखी आराखडा मागून घ्या. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली आणि थकवा वाटला नाही, तर कोणाला फोन करायचा, कोणती गोळी किती काळासाठी वाढवायची आणि कोणत्या टप्प्यावर दाखल व्हायचे, हे त्यात स्पष्ट असावे. डॉक्टर मिळाले नाहीत तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे वाटण्याचे विचार आले, तर मात्र फोनवर थांबू नका, घरच्यांना घेऊन जवळच्या रुग्णालयात जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार, पुढे आजार बळावून निर्णय घेता येईनासा झाल्यास आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. आराखड्याच्या तीन प्रती काढा: एक तुमच्या फाइलमध्ये, एक पतीकडे, आणि एक सासूबाईंकडे.